धडधडीचा कौल

शेळी विकत घ्यायची तर वाकावं लागतं. दात बघायला, कास दाबून बघायला, खूर उचलायला. नवरा गेल्यापासून बाजार मीच करते. राणीसावरगावच्या बाजूला आमचं गाव, घरामागं गोठा, भिंतीपलीकडं धाकट्या दिराचं घर. मुलगा अमोल चाकणला कंपनीत. घरात माणूस म्हणाल तर मी एकटी.

पहिल्यांदा झालं ते बाजारातच. एक गाभण शेळी बघायला वाकले आणि छातीत असं धडधडायला लागलं की कानांत ऐकू यावं. घाम सुटला, डोकं ठणकायला लागलं, हात कापायला लागले. मी शेळीची कास सोडून उभी राहिले. सोबत दीर होता, दत्ता.

"कामून वैनी? चांगली हाय की शेळी."

"नको. जीव नको म्हणतोय."

तीच शेळी गावातल्याच एकानं घेतली. आठवड्याच्या आत त्याच्या गोठ्यात रोग शिरला आणि निम्मी जनावरं गेली. त्या शेळीमुळंच गेली का, हे कुणाला ठाऊक? त्या दिवसांत रोग सगळ्याच गावांत होता. पण दत्तानं पारावर बसून सांगितलं, "आमच्या वैनीला आधीच कळलं होतं."

लोक विचारायला लागले

त्यानंतर दोन-तीनदा असंच झालं. वाकले, धडधडलं, नको म्हणाले. त्यातल्या एका शेळीच्या कासेला पुढं गाठी निघाल्या. बाकीच्यांचं काय झालं ते कुणी बघायला गेलं नाही. चुकलेलं कुणी मोजत नाही, बरोबर आलेलं गावभर होतं.

मग बाया-माणसं यायला लागली. "काकू, जरा येता का बाजाराला?" कुणाला बैल घ्यायचा, कुणाला जुनी मोटरसायकल. आमच्या देवळात मूर्तीला फुलं लावून कौल घेतात, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नको. माझ्या छातीचं तसंच झालं. धडधडलं तर नको, नाही धडधडलं तर घ्या. मोटरसायकलसुद्धा मी वाकून बघितली होती. साखळीला तेल आहे का ते बघत होते. ती त्यानं घेतली नाही.

मी देवभोळी बाई नाही. अंगात येणाऱ्या बायांना मी कधी हळदी-कुंकवापलीकडं मान दिला नाही. पण एक सांगते, आणि हे वाचणाऱ्यांनी नीट ध्यानात घ्यावं. अंग एवढ्या जोरानं ओरडत असताना डोकं गप्प बसत नाही. ते कारण शोधतं. धडधड सुरू झाली की मला दिसायचं, शेळीचे डोळे निस्तेज आहेत. विकणारा खाली बघतोय. मला वाटायचं की हे मी आधी पाहिलं आणि मग भ्याले. खरं तर मी आधी भीत होते आणि मग बघत होते.

बाजारापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. तसं राहिलं नाही. किराणा दुकानात पोतं सरकवायला गेले, धडधडलं, आणि दुकानदार मापात मारतो असं वाटून त्याच्याशी भांडून आले. नातवाच्या बारशाला चाकणला निघाले होते. कपड्यांची बॅग उचलली आणि दारातच बसले. अमोलला फोन करून सांगितलं, "येत नाही. जीव नको म्हणतोय. प्रवासात काहीतरी होईल."

"आई, काय होईल?"

"ते कळालं असतं तर आले असते."

त्यानं तिकडं सुनेला सांगितलं, आई येत नाही. मग म्हणाला, "बरं. फोटो पाठवतो."

माझे शेळ्यांचे सौदे कमी झाले, कळप आटला. शेजारच्या गावातल्या लग्नांना जाणं सुटलं. माणसं मला विचारायला यायची, पण मी कुणाकडं जात नव्हते. घाबरलेल्या माणसाला आपलं घर तेवढं बरं वाटतं, आणि काही दिवसांनी तेही वाटत नाही.

"तेव्हा तुम्ही काय करत असता?"

दवाखाने केले. गंगाखेडला दोन, परभणीला एक. जाईन तेव्हा बीपी ठीक. "टेन्शन घेऊ नका." "पाळी जायचं वय आहे, होतं असं." एकानं झोपेच्या गोळ्या दिल्या. त्यानं झोप लागायची आणि झोपेतून उठून वाकून चप्पल घालताना पुन्हा तेच. डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर मी खुर्चीत ताठ बसलेली असायची, आणि ताठ बसलेल्या बाईला काहीच होत नव्हतं.

शेवटी पाण्याची घागर उचलताना नळावर पडले. दत्ताची बायको सुमन, माझी धाकटी जाऊ, तिनं उचलून घरी आणलं. तिच्याच हट्टानं परभणीच्या एका नवीन डॉक्टरबाईंकडं गेले. पोरगीच होती, माझ्या सुनेच्या वयाची. आतापर्यंत सगळ्यांनी विचारलं होतं की मनात काय विचार असतात. तिनं विचारलं, "हे होतं तेव्हा तुम्ही काय करत असता?"

"शेळी बघत असते."

"म्हणजे कशी?"

मी उठले आणि तिच्या केबिनमध्ये वाकून दाखवलं. डावा हात शेळीच्या पाठीवर, उजवा कासेखाली, माझ्याच पोटावर गुडघा दाबलेला. तिथंच सुरू झालं. तिनं मला खुर्चीत बसवून दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि स्वतः उभी राहिली. सुमनला म्हणाली, "बाहेरच्या सिस्टरला बोलवा. लवकर."

कॅन

मग तपासण्या. एका पूर्ण दिवसाची लघवी एका कॅनमध्ये साठवून आणा म्हणाले. कॅन गार ठेवायचा. आमच्या फ्रीजमध्ये तो ठेवायला मन धजेना, म्हणून गोठ्यात ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो मांडीवर घेऊन परभणीच्या एसटीत बसले.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, काय हाय त्यात? ताक का?"

"न्हाई."

"मंग? रॉकेल असंल तर उतरावं लागंल बरं का."

"बाबा, ते रॉकेल न्हाई. माझं स्वतःचं हाय."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं तिकीट दिलं आणि परभणी येईपर्यंत माझ्या बाजूच्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. त्या सगळ्या काळात मी मोकळेपणानं हसले ते त्या गाडीत.

सांगितलं तो दिवस

पोटाचा फोटो काढला. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते म्हणे. माणूस दचकला, कुत्रं अंगावर आलं, की तिच्यातून रस सुटतो आणि त्या रसानं छाती धडधडते, अंगाला पळायचं बळ येतं. माझ्या डाव्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ होती. ती रस करून साठवायची आणि मी वाकले, काही उचललं, पोट दाबलं गेलं, की सोडायची.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्या अंगात भीती तयार होते. भिण्यासारखं समोर काही नसतं. मग डोकं समोर जे असेल त्यालाच कारण धरतं."

"समोर शेळी असते."

"मग शेळीच वाईट ठरणार."

मी विचारलं, "शेळ्या चांगल्या होत्या?"

"ते मला कसं कळणार?" ती म्हणाली, आणि मला ती आवडली.

गाठ काढावी लागेल, संभाजीनगरला. नाही काढली तर एखाद्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होईल. तोवर काही आठवडे गोळ्या, भरपूर पाणी, आणि मीठ जास्त खायचं. बीपीच्या माणसाला मीठ खा सांगणारा डॉक्टर गावात कुणी ऐकला नव्हता. गोळ्यांनी नाक चोंदायचं, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती मी आजही पाळते. धडधड चालू असताना काहीही ठरवायचं नाही. बसायचं. ती बसली की मग ठरवायचं.

परभणीच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसले होते. गाठ आहे हे कळल्यावर बायका रडतात. मी हिशेब लावत होते, कुठला नकार माझा होता आणि कुठला गाठीचा. लागत नव्हता.

दत्ताचं म्हणणं

घरी आल्यावर सगळं सांगितलं. सुमननं डोक्याला हात लावला, पण ऐकून घेतलं. दत्ता भिंतीला टेकून उभा होता.

"गाठ म्हणता. मंग जिंतूरच्या पोराला आमी कशासाठी नाही म्हणलं?"

हे आता सांगितलं पाहिजे. दत्ताच्या मुलीला, रेखाला, जिंतूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा वायरमन, घर बरं. बैठक झाली, पोरीला पसंत होतं, मुलाकडच्यांनाही. मी मोठी चुलती म्हणून सगळं करत होते. चहाचे कप उचलायला वाकले आणि तशीच स्वयंपाकघरात येऊन भिंतीला धरलं. सुमननं माझं पांढरं पडलेलं तोंड पाहिलं. मी एवढंच म्हणाले, "जीव घाबरा झाला." दुसऱ्या दिवशी दत्तानं जिंतूरला नकार कळवला. पुढं रेखाला सेलूला दिली. तिथं तिला जाच नाही. पण ती माहेरी फार येत नाही, आणि आली तर माझ्याकडं येत नाही.

"दत्ता, मी नकार दे म्हणाले नव्हते."

"म्हणायला कशाला पायजे? आमाला कळत न्हाई का? तुमचं आजवर कधी चुकलं न्हाई, वैनी. ते डॉक्टर लोक पोट फाडायलाच बसलेत. उगं त्यांचं ऐकू नका. ऑपरेशनचं तुमचा जीव काय म्हणतो, ते सांगा."

खरं सांगायचं तर तो नको म्हणत होता. बॅग भरताना, कागद खालच्या पेटीतून काढताना, दरवेळी.

"नको म्हणतोय," मी म्हणाले.

"मंग झालं की! इलाज करा, गोळ्या खा. कापाकापी न्हाई."

त्याचा हट्ट मला नंतर कळला. गाठ खरी असेल तर त्यानं पोरीचं मन उगाचच मोडलं होतं. देवाचा कौल होता हे त्याला हवं होतं. त्यासाठी माझी गाठ पोटात राहिली तरी त्याला चालणार होतं. वाईट माणूस नाही तो. बाप आहे.

पुढचे काही आठवडे मी एकटी विचार करत होते आणि विचार करायला माझ्याकडं अवजारच उरलं नव्हतं. जी गाठ काढायची, तीच काढू नको म्हणत होती. पण त्यात माझी स्वतःची भीतीही असणार. भूल दिली आणि उठलेच नाही तर? ही भीती कुणालाही वाटेल. दोन्हींची धडधड एकसारखीच. कोणती कुणाची हे सांगायला शेजारी माणूस लागतं, आणि माझ्या शेजारच्या माणसानं भिंतीवरून बोलणं बंद केलं होतं.

जायच्या दिवशी बॅग उचलली, तसं पुन्हा सुरू झालं. गोळ्यांनी जोर कमी झाला होता, पण होतंच. बॅग खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसले. काही ठरवलं नाही. शेळ्यांकडं बघत राहिले. हळूहळू छाती बसली, अंगावरचा घाम वाळला. मग स्वतःला विचारलं, आता काय? आता कुणीच काही म्हणत नव्हतं, हो नाही की नको नाही. त्या शांततेत मला डॉक्टरबाईंचा खुर्चीतून उठतानाचा चेहरा आठवला. तो पुरावा माझ्या अंगाच्या बाहेरचा होता. मी बॅग पोटाला लागणार नाही अशी उचलली आणि निघाले.

"सोबत कोण आहे?"

दवाखान्यात दर पाळीला नवीन सिस्टर यायची आणि तेच विचारायची, "सोबत कोण आहे?" मी म्हणायची, "येणार आहेत." ऑपरेशनच्या दिवशी अमोल आला, सह्या केल्या, रात्रभर बाहेरच्या बाकावर बसला. मी शुद्धीवर आल्यावर दोन दिवसांनी गेला. त्याला रजा नव्हती. जाताना म्हणाला, "आई, शेळ्या विकून टाक आणि तिकडं ये." मी म्हणाले, "बसू दे मला जरा." त्याला ते समजलं नाही.

सकाळी चादरी बदलणं, मग राउंड, मग दिवसभर खिडकीतून दिसणारं पाण्याच्या टाकीचं टोक. शेजारच्या खाटेवर हिंगोलीकडची एक म्हातारी होती. तिच्या सुनेनं न विचारता माझी बाटली रोज भरली. शेवटच्या दिवशी तिनं माझी वेणी घातली, कारण टाक्यांमुळं मला हात वर करता येत नव्हते. आम्ही दोघी फार बोललो नाही. तिचं नावही विचारायचं राहिलं. पण डोक्यावरून फणी फिरत होती तेवढ्या वेळात मी ऑपरेशननंतर पहिल्यांदा डोळे मिटून बसले.

ज्यांना ऑपरेशन सांगितलंय त्यांच्यासाठी लिहिते. दुखतं, पण सहन होतं. शौचाला पहिल्यांदा बसताना भीती वाटते. सोबत कुणी नसेल तर आयाबाईंशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या, लाजू नका. आणि छाती कारणाशिवाय धडधडत असेल तर ती धडधडत असतानाच बीपी मोजून घ्या. नंतर मोजलेलं काही कामाचं नसतं.

आतली शांतता

गावी आले. आत एकदम गप्प झालं होतं. मला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं वाटलं, पण दुकानात साबण घ्यायला उभी राहिले तर कोणता घ्यावा ते ठरेना. पूर्वी सगळं झटक्यात ठरायचं, हे आण, ते फेक, याला घालव. लोक मला खमकी म्हणायचे. त्यातली किती मी होते आणि किती गाठ, हे मला अजून ठाऊक नाही. दुकानदार म्हणाला, "काकू, आज भांडण न्हाई का?" मी एक साबण उचलला आणि आले.

विचारायला येणारेही थांबले. गाठ काढली म्हणजे कौल गेला, असं लोकांनी धरलं. बरोबरच होतं. दत्ता अंगणातून जाताना मान वळवून जायचा. जीव नको म्हणत असताना मी जिवंत परत आले होते, आणि त्याचा अर्थ त्यालाही कळला होता. सुमन भिंतीवरून ताट द्यायची, पण गप्पच.

एका दुपारी रेखाचा फोन आला. किती वर्षांनी.

"काकू, तब्येत बरी हाय का?"

"बरी हाय."

"एक विचारू?"

"विचार."

"आईनं गाठीचं सांगितलं. त्या बैठकीच्या दिवशी तुमी वाकला होता का?"

खोटं बोलायला जागा होती. आठवत नाही म्हटलं असतं तर तिनं धरलं नसतं.

"व्हय. कप उचलायला."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. ती म्हणाली, "मला इतके दिवस वाटायचं, तुमाला त्याच्यात काहीतरी वाईट दिसलं असंल. म्हणून मी गप बसले."

"काही दिसलं नव्हतं, रेखा. पोरगा चांगला होता."

"हं." तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. "टाके सुकले का?"

"सुकले."

"बरं. ठेवते."

फोन बंद झाला आणि माझी छाती धडधडायला लागली. मी ताठ बसले होते, काही उचललं नव्हतं. आता ही धडधड माझीच होती. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणं बसून राहिले, बसेल म्हणून. चहा झाला, शेळ्यांना पाणी झालं, ती पूर्ण बसली नाही. तशातच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून सुमनला शेळ्यांकडं बघायला सांगितलं.

"कुठं निघालात, अक्का?" बऱ्याच दिवसांनी तिनं काही विचारलं होतं.

"सेलूला. रेखाकडं."

तिच्या मागं दत्ता दात घासत उभा होता. त्याचा हात थांबला. सुमननं पदर सारखा केला.

"बोलंल का ती तुमच्याशी?"

दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होती, पूर्वी बघायची तशी.

"माहीत न्हाई," मी म्हणाले आणि स्टँडकडं चालायला लागले.